अनिमिषची बदली

शिवाजी पार्क, २ नोव्हेंबर २०१३

लवू,

हे तिसरं पत्र. पहिल्या दोन पत्रांत सुरुवातीला 'प्रिय' लिहिलं होतं. त्याचा काही उपयोग झाला नाही, म्हणून या वेळी नुसतं लवू.

पत्ता चुकलाय असं म्हणायची सोय नाही. आपल्या गिरगावच्या मासिकात शिपाई होता तो रामजी आता शीवला मुलीकडे असतो. त्याने तुझा पत्ता मला पाठ म्हणून दाखवला. तू मालवणजवळच्या गावी जत्रेतल्या नाटकांचे पडदे रंगवतोस, बायको आहे, दोन मुलगे आहेत, आणि दर गणपतीत रामजीला पत्र टाकतोस, हेही त्यानेच सांगितलं. रामजीला पत्र जातं. बरं आहे.

मला तुझ्याकडून एका उत्तराखेरीज काही नको. मी त्रेपन्न वर्षांची आहे, माझ्या लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, शरच्चंद्र चांगला नवरा आहे आणि हे पत्र जेवणाच्या टेबलावर उघडं पडलेलं असतं. तेव्हा भलतं काही समजू नकोस. प्रश्न धुनगरचा आहे.

मासिकात आपण दोघं चालवायचो ती गोष्ट, मी लिहायची आणि तू चित्रं काढायचास, अर्ध्यावर राहिली होती. आठ वर्षांपूर्वी मी ती पुस्तकांच्या रूपात पुन्हा लिहायला घेतली. चार पुस्तकं झाली. तेरा-चौदा वर्षांच्या मुली ती वाचतात आणि गणिताच्या वहीत मागच्या पानावर अनिमिषचं नाव लिहितात. चारही पुस्तकं तुला पाठवली. आत तुझं नाव छापलंय. पोचल्याची एक ओळ आली नाही.

चौथं उघडलं नसशील तर शेवट सांगते. धुनगरच्या वेशीवर अनिमिष पहाऱ्याला असतो. त्याने डोळे मिटले की बाहेरचं धुकं आत शिरतं आणि गावातली माणसं एकमेकांची नावं विसरतात, म्हणून तो पापणी कधी मिटत नाही. वाऱ्याचं कापड विणणारी केतकी त्याच्यावर जीव टाकते. इथवर आपल्या दोघांचं. पुढचं माझं. ज्या दिवशी तो केतकीच्या घरी तिला मागणी घालायला यायचा असतो, त्या दिवशी तो येत नाही. 'बदली मिळाली' एवढी चिठ्ठी येते आणि पुस्तक संपतं.

मुली चिडल्यात. पुण्याची एक लिहिते, असल्या मुलाला पाचव्या पुस्तकात घेऊच नका. पार्ल्याची एक लिहिते, घ्या, पण दुसऱ्या गावी बदली झाली तर त्याने तिथला पत्ता का दिला नाही ते आधी सांगा. तिचं बरोबर आहे. पाचवं आणि शेवटचं पुस्तक मेच्या सुट्टीआधी निघायचंय. अनिमिष का गेला हे मलाच ठाऊक नसताना मी त्याला परत कसा आणू?

कुठे झाली होती तुझी बदली, लवू? गावाचं नाव लिहिलंस तरी पुरे.

सुभद्रा


शिवाजी पार्क, ३० नोव्हेंबर २०१३

लवू,

तुझं कार्ड आलं. तीस वर्षांनी चार ओळी. पाठ करायचा विचार नव्हता, पण झाल्या.

'चौथे पुस्तक वाचले. मुखपृष्ठावर अनिमिषच्या हातात भाला दिला आहे, तो चूक. पहारेकऱ्याकडे काठी असते. अनिमिष परत येणारच, त्यात विचारायचं काय? तुझ्या वडिलांना नमस्कार.'

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. भाला माझा नाही, प्रकाशकाच्या चित्रकाराचा. आणि विचारलं होतं त्याचं उत्तर या चार ओळींत कुठेही नाही.

मी कार्ड शरच्चंद्रला वाचून दाखवलं. पेपर खाली न करता तो म्हणाला, "माणूस निर्धास्त दिसतोय."

"निर्धास्त नाही, उद्धट आहे."

"मग त्याला तसं कळव. माझ्यावर का ओरडतेस?"

तर कळवते. तू विसरला असशील म्हणून तो रविवार लिहून पाठवते. २० फेब्रुवारी १९८३. संपाला तेरा महिने झाले होते. तुझे वडील कुशाबा, गिरणीत ज्यांच्या हाताखाली मागाचे दोन साचे चालायचे, ते घरात भिंतीकडे तोंड करून बसायचे असं तू सांगायचास. तू गिरणीतून बाहेर पडून पाट्या रंगवत होतास, मासिकाची चित्रं काढत होतास, आणि सरकारी इस्पितळात नाव घातलंय, असं मला म्हणाला होतास. ते 'सरकारी' मी घरी जाऊन दहा वेळा सांगितलं. बाबांना एका वाक्यावर आणायला मला चार महिने लागले होते. 'सरकारी नोकरी लागत असेल तर मी आडवा येणार नाही,' हे ते वाक्य.

अँटॉप हिलच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आईने शिरा केला होता. बाबा रविवारी बनियनवर बसणारे, त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते आणि टेकत नव्हते, चुरगळेल म्हणून. तू चारला यायचा होतास. साडेतीनला रामजी जिना चढून आला. त्याच्या हातात चिठ्ठी.

'बदली मिळाली. येता येत नाही. समजून घे. लवू.'

बाबांनी वाचली आणि तिची नीट घडी केली. म्हणाले, "कुठे मिळाली ते तरी लिहायचं."

आई म्हणाली, "नोकरी लागल्या लागल्या बदली?"

"पहिलं पोस्टिंग लांबच देतात. नागपूर असेल."

बदली या शब्दाने आमच्या कॉलनीत काय व्हायचं ते तुला कळणार नाही. कागद आला की पंधरा दिवसांत ट्रंका जिन्यावर. माझ्या तीन मैत्रिणी अशा गेल्या. एक दिल्लीला, दोघी कुठे ते मला अजून माहीत नाही. शाळेत सिस्टर हजेरी घेताना त्यांच्या नावाशी थांबायच्या, पेनने रेघ मारायच्या आणि पुढचं नाव घ्यायच्या. कुणी कुणाला बोल लावत नसे, सरकारचा हुकूम. पण जाणारा निदान घरी येऊन सांगून जायचा, लवू. चहा पिऊन जायचा.

तू समजून घे म्हणालास, मी घेतलं. सोमवारी मासिकाला राजीनामा पोस्टाने पाठवला, कारण माझ्या टेबलासमोरची तुझी खुर्ची मला बघायची नव्हती.

आणि आता तू लिहितोस, त्यात विचारायचं काय.

सुभद्रा


शिवाजी पार्क, १८ डिसेंबर २०१३

लवू,

रघू दर बुधवारी फोन करतो. प्रकाशकाचा मुलगा, तिशीचा असेल, बापापेक्षा बरा. आजचं बोलणं जसंच्या तसं देते.

"मॅडम, शेवट गोड करा ना. लास्ट पार्ट आहे. पोरी रडतील."

"रडू देत."

"रडल्या तर चालेल हो. फेकतील पुस्तक."

शेवट काही मी गोड करून पाहिला नाही असं नाही. पहिल्या खर्ड्यात अनिमिष सात वर्षांनी परत येतो आणि म्हणतो, राजाचा हुकूम होता. केतकी लगेच क्षमा करते. मी वाचलं आणि केतकीच्या कानाखाली द्यावीशी वाटली. दुसऱ्या खर्ड्यात तो येतो आणि ती दार उघडत नाही. ते बरं होतं, पण बंद दारापुढे गोष्ट जाईना. दहा पानं तो पायरीवरच बसून राहिला. परवा मी त्याला मारून टाकलं, दोन पानांत. फार बरं वाटलं. काल पुन्हा वाचलं तर मरताना तो इतकं सुंदर बोलत होता की मला माझीच लाज वाटली. मेलेल्याला कारण विचारता येत नाही. मी पळवाट काढली होती.

शाळेत सिस्टर आम्हांला पत्र लिहायला शिकवायच्या. डावीकडे समास, वर तारीख, आणि पत्रात राग असेल तर ते एक दिवस प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवून मग टाकायचं. मी त्यांची गुणी विद्यार्थिनी होते. तुला लिहिलेलं मात्र एकही पत्र मी ठेवलेलं नाही. लिहिते आणि खाली जाऊन पेटीत टाकते. मग वर येऊन वाटतं, एवढं कडक नको होतं.

आज वाटलं म्हणून दुसरंही लिहिते. गिरगावातलं ते ऑफिस आठवतं का? वरच्या मजल्यावर, खाली खानावळ, त्यामुळे बारानंतर सगळ्या लेखांना फोडणीचा वास. तू प्रुफांच्या पाठीवर चित्रं काढायचास. केतकीचं नाक तू माझ्यासारखं काढायचास आणि मी खोडायला लावायची. 'अनिमिष' हा शब्द मी आणला. तू म्हणालास, "म्हणजे काय गे?" मी म्हटलं, ज्याची पापणी लवत नाही तो. तू म्हणालास, "म्हणजे आमचे बाबा. संप लागल्यापासून असेच बसतात." आणि मग जे चित्र काढलंस, त्यात वेशीवरच्या त्या मुलाचे डोळे असे होते की संपादकांनी ते अख्खं पान दिलं.

मला शब्द ठाऊक असायचा आणि तुला त्या शब्दातला माणूस. अशी आपली वाटणी होती. आता माझ्याकडे नुसते शब्द आहेत, आणि तू काठी आणि भाला करत बसलायस.

एका ओळीत सांग, कुठे गेला होतास.

सुभद्रा


शिवाजी पार्क, १२ जानेवारी २०१४

लवू,

आज हळू लिहिते आहे. जे झालं ते क्रमाने सांगते, नाहीतर माझाच गोंधळ होईल.

रघूने मुलींच्या पत्रांचा गठ्ठा पाठवला. सगळ्यांत रडारड, आणि एक पत्र वेगळं. लालबागहून लक्ष्मी, इयत्ता नववी. 'मॅडम, माझ्या वर्गातल्या मुली म्हणतात की अनिमिषने केतकीला सोडलं. मी त्यांना सांगितलं की वेड्या आहात का, तो बदलीवर गेलाय. पाळी संपली की येणारच. तो कुणाच्या तरी जागी उभा राहिलाय. पण कुणाच्या, ते तुम्ही लिहिलं नाही. तेवढं पाचव्या भागात लिहा.'

मी ते तीनदा वाचलं. पोरीचा काहीतरी घोटाळा झालाय असं वाटलं. मग तुझं कार्ड काढलं. 'परत येणारच, त्यात विचारायचं काय?' तेच वाक्य. एका चौदा वर्षांच्या मुलीला आणि तुला एकच गोष्ट दिसते आणि लिहिणारीला दिसत नाही, हे काय आहे? काल तिचा पत्ता घेऊन लालबागला गेले.

चाळीतला दुसरा मजला. लक्ष्मीने दार उघडलं, मला ओळखलं आणि आत पळून केस नीट करून आली. तिचे आजोबा दगडू खाटेवर बसून लसूण सोलत होते. गिरणीतले, संपानंतर पुन्हा आत न गेलेले. लक्ष्मी म्हणाली, बदलीचं मला यांनीच सांगितलंय. मी त्यांना विचारलं, "बदली म्हणजे दुसऱ्या गावी पाठवतात, तेच ना?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग नातीकडे. "पुस्तक ह्यांनीच लिवलां मा?"

"हो. आजोबा, गप्प बसा तुम्ही."

"मगे तेंका बदली म्हायत नाय?"

"मला सांगा," मी म्हटलं.

"अवो, आमी बदलीवाले. सकाळी गेटार जावन उभे रवायचे. कायमवालो कोण नाय इलो की मुकादम हाक मारी. तेच्या जागेर आठ तास काम. पाळी सुटली की घराक. दुसऱ्या दिवशी परत गेटार. बदली मिळाली म्हणजे त्या दिवसाचा काम मिळाला. गावाबिवाक कोण पाठवता आमका?"

"आणि हाक मारली त्या दिवशी आपल्याला दुसरं काही काम असलं तर?"

"पयल्याच हाकेक नाय गेलो तर नाव कापीत. मगे बस बोंबलत."

मी विचारलं, इस्पितळातसुद्धा असं असतं का? ते म्हणाले, "सगळीकडे. संपात माझो भाव इस्पितळातच बदलीर जाय. आयतवारी हटकून हाक येय. कायमवाले आयतवारी दांडी मारतत."

ते लसूण सोलत राहिले. लक्ष्मी मला पाणी देत होती आणि मी घेत नव्हते.

आठ तास, लवू. तू रविवारी आठ तास इस्पितळात कुणाच्या तरी जागी उभा होतास आणि आम्ही अँटॉप हिलला बसून तुला नागपूरला पाठवला. बाबा, आई, मी, तिघांनी मिळून. चिठ्ठी अगदी सरळ होती. तीन माणसांनी वाचली आणि तिघांनीही आपल्याच कॉलनीच्या अर्थाने वाचली. 'बदली कामगार' हे शब्द मी त्या काळात पेपरात शंभर वेळा वाचले असतील. मला वाटायचं, बदल्या झालेले कामगार. बिचारे, असं मनात म्हणून पान उलटायची.

आणखी लिहवत नाही.

सुभद्रा


शिवाजी पार्क, १५ जानेवारी २०१४

लवू,

काल शीवला रामजीकडे जाऊन आले. ऐंशीचा झालाय, ऐकायला कमी येतं, पण हवं ते बरोबर ऐकतो. मी विचारलं, त्या रविवारनंतर लवू ऑफिसात आला होता का?

"आला होता की. सोमवारी आला, मंगळवारी आला, बुधवारी आला. तुमच्या टेबलासमोर बसायचा. बुधवारी तुमचा राजीनामा पोचला. साहेबांनी मोठ्याने वाचला. तो उठला आणि गेला."

"रामजी, हे तुम्ही मला तीस वर्षांत कधी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"गेल्या वर्षी पत्ता दिलात तेव्हा तरी?"

"तुम्ही पत्ता मागितलात, बाई. मी पत्ता दिला."

त्याच्यावर ओरडून काय मिळणार होतं? त्याच्या मुलीने पोहे केले होते, ते खाल्ले आणि आले.

चूक माझी आहे. हे वाक्य मी वर लिहिणार होते आणि इतकं खाली आलं, यावरून मला ते किती जड जातंय ते ओळख. मी माफी मागते. पण ती मागितल्यावरही माझा राग जात नाही, आणि तो तुझ्यावरही आहे. चिठ्ठीत 'आज' एवढा एक शब्द घातला असतास तर काय बिघडलं असतं? आज येता येत नाही. तू गिरगावात तीन दिवस बसलास; अँटॉप हिलला एक दिवस का आला नाहीस? क्वार्टरचा नंबर तुला पाठ होता. बाबा शिरा खायला घालत होते, कापून खात नव्हते.

मला उत्तर नको, असं लिहायला हवं. पण हवंय.

सुभद्रा


शिवाजी पार्क, २३ फेब्रुवारी २०१४

लवू,

दुसरं कार्ड मिळालं. 'मला वाटलं तुझ्या वडिलांनी नाही म्हटलं आणि तुला नोकरी सोडायला लावली. राजीनामा ऐकून खात्रीच झाली. गिरणीवाल्याच्या मुलाने अशा घराच्या पायऱ्या चढायच्या नसतात, असं आमचे बाबा म्हणाले. बदली म्हणजे बदली. तिला दुसरा अर्थ असतो हे मला तुझ्या पत्रातून कळलं. आता काय.'

'आता काय' नंतर प्रश्नचिन्हसुद्धा दिलेलं नाहीस. मी दोन दिवस त्या जागेकडे बघत होते. शरच्चंद्र म्हणाला, "खरं आहे त्याचं. आता काय?" मी म्हटलं, "आता पुस्तक." तो म्हणाला, "मग बाईसाहेब, त्याला पत्रं कमी लिहा आणि पुस्तक जास्त." मी चार दिवस त्याच्याशी धड बोलले नाही, पण लिहायला बसले.

आणि अडले. अनिमिष दुसऱ्याच्या जागी उभा आहे, हे आता मला कळलं होतं. कुणाच्या, तेही सुचलं. पहिला म्हातारा पहारेकरी आंधळा झाला, त्याच्या. पण गिरणीतली पाळी आठ तासांनी सुटते. वेशीवरची सुटत नाही, कारण तिथे दुसरं कुणी उभंच राहत नाही. मग केतकी म्हणाली, मी उभी राहते तुझ्या जागी. छान वाटलं, लिहून काढलं. लिहिल्यावर दिसलं की आता ती वेशीवर आणि तो गावात. जागा बदलल्या, बाकी सगळं तसंच. मी वही भिरकावली. कामवाली बाई म्हणाली, "काय झालं ताई?" मी म्हटलं, "काही नाही, लग्न जमत नाहीये."

मग पुन्हा लालबागला गेले. दगडूंना सगळं सांगितलं, मुलांच्या गोष्टीतलं संकट खरं समजून. त्यांनीही तसंच ऐकलं.

"एकट्यान कशी सुटतली पाळी?" ते म्हणाले. "माझा लगीन झाला तेवा मी कायम झाललंय. गावाक जावचा होता आठ दिस. साचो कोण चालवतलो? आमच्या खोलीर बारा जण रवत. चौघांनी वाटून घेतल्यानी, दोन दोन दिस. आपली पाळी करून वर माझी. तेवा झाला माझा लगीन."

लक्ष्मी म्हणाली, "आजोबा, हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाही."

"तुझ्या पुस्तकात नव्हता ता."

आता आहे. शेवटचं प्रकरण त्या दिवशी घरी येऊन बसल्या बैठकीत लिहिलं. केतकी गावात जाते. दारोदार जाऊन ती कुणाला लढायला सांगत नाही, तलवार मागत नाही. विचारते, एक तास उभे राहाल का? पहिल्यांदा भाकऱ्या भाजणारी बाई हात पुसत येते. मग शाळेतली एक मुलगी, जिला अनिमिष मनातून आवडतो आणि जी केतकीशी एक शब्द बोलत नाही. ती बरोबर एक तास उभी राहते आणि तेव्हाही बोलत नाही. मग म्हातारे, मग ज्याची सगळ्यांना भीती वाटते तो कोतवाल. रांग लागते. धुकं वेशीपर्यंत येतं, उभं राहिलेल्याकडे बघतं आणि मागे सरतं. आणि अनिमिष, चार पुस्तकांत ज्याने पापणी मिटली नाही, तो केतकीच्या अंगणात येतो, तिच्या आईने दिलेल्या पाटावर बसतो, आणि बसल्या बसल्या त्याला झोप लागते. केतकी त्याला उठवत नाही. मागणी झोपेतून उठल्यावर.

रघूला वाचून दाखवलं. त्याने पानं माझ्याकडून घेतली आणि पुन्हा चाळली. मग म्हणाला, "मॅडम, एक किस?" मी म्हटलं, आहे, शेवटून तिसऱ्या पानावर. त्याचा जीव भांड्यात पडला. लक्ष्मीने वाचलं आणि तिचं म्हणणं, केतकीच्या आईने जरा जास्त प्रश्न विचारायला हवे होते. ते मी वाढवलं.

तू म्हणालास, आता काय. आता हे. शेवटच्या पानासाठी एक चित्र हवंय. रघूच्या चित्रकाराला मी नको म्हटलंय. प्रकरण सोबत जोडते आहे. तुला वाटलं तर काढ. नाही वाटलं तर पान कोरं जाईल, पण दुसऱ्या कुणाचं मी लावणार नाही.

सुभद्रा


शिवाजी पार्क, १२ एप्रिल २०१४

लवू,

पाकीट गुरुवारी पोचलं. आत दोन पुठ्ठ्यांमध्ये चित्र आणि बाकी काही नाही. मी पाकीट दोनदा उलटं करून झटकलं, मग फाडून आतली बाजू बघितली. बरं-वाईट, एक ओळ लिहायला तुला काय झालं होतं? मला अजूनही तुझा राग येतो, आणि तो यापुढेही येत राहील असं दिसतं. त्याची सवय झाली आहे.

चित्र टेबलावर ठेवून मी आणि शरच्चंद्र दोघांनी बघितलं. तुझा हात तसाच आहे. वेशीवर भाकऱ्यावाली उभी आहे, पदर खोचलेला, आणि तिच्या हातांना अजून पीठ आहे. तिच्यामागे रांग, वळणावर वळणं घेत पार गावाबाहेर गेलेली. कोतवाल जांभई देतोय. दोन बायका रांगेतच भांडतायत. एक म्हातारा जागा धरायला चप्पल ठेवून कुठेतरी गेलाय. मी माणसं मोजायला लागले आणि सोडून दिलं. शरच्चंद्र चष्मा वर करून जवळून बघत होता. म्हणाला, "हा माणूस तुला तेव्हा मिळाला असता तर मला कोण मिळालं असतं देव जाणे." आणि चहा करायला उठला. मी साखर कमी घाल एवढंच म्हटलं.

काल चित्र रघूकडे दिलं. त्याने ते खिडकीपाशी नेलं, आडवं धरलं, उभं धरलं. चेहरा पडत गेला.

"मॅडम, चित्र सुंदर आहे. पण यात अनिमिष कुठेय?"

"नाही."

"केतकी?"

"तीही नाही."

"शेवटच्या चित्रात हिरो-हिरॉइनच नाहीत? तुमचे चित्रकार विसरले असतील. फोन करून विचारू का त्यांना?"

मी म्हटलं, नको, हे मला कळतं. या वेळी विचारावं लागणार नाही. ते दोघं चित्रात कसे असतील, रघू? त्यांची पाळी सुटली. छापायला दे.

सुभद्रा